पुस्तकातली मालती आणि आमच्या गावची सुमन

आमच्या वाचनालयातलं एकूण एक पुस्तक मला तोंडपाठ! म्हणजे मुखपृष्ठं. आत शिरायचं म्हटलं की सातवी नापास आडवी येते. पण किल्ली माझ्याकडं, त्यामुळं वीस वर्षांत वाचलेल्यापेक्षा ऐकलेलंच जास्त साठलं. एका कादंबरीनं तर माझं डोकंच फिरवलं.

*

ती दोन मैत्रिणींची गोष्ट. मालतीला नवरा मारायचा, दुसरी तिला जपायची. शेजारच्या पारूवहिनीनं नेली. महिन्यानं परत आली तर पानोपानी टिकल्या!

"वहिनी, पुस्तकाला हळदीकुंकवाला नेलं होतं का?"

"मनाला लागलेल्या ओळींच्या खुणा हायेत, भावजी. पान दुमडलं की तुमीच खेकसता. लाल माझी, हिरवी गल्लीतल्या चंद्राची."

"आणि ही काळी?"

"सुमनची," म्हणाली आणि पदर खोचून तडक निघाली. टिकलीत पळून जाण्यासारखं काय, मला कळेना.

*

सुमन टेंपोवाल्याची बायको. त्याला हात उगारायला कारण लागायचं नाही. तिनं उंबरा ओलांडलेला चालायचा नाही. तो बेल्ह्याच्या बैलबाजाराला गेला की बायका तिच्याच घरी कांदे निवडत बसायच्या आणि पारूवहिनी मोठ्यानं वाचायची.

पुस्तक वहिनीकडं होतं त्याच महिन्यात एकदा खिडकीखालनं जाताना ऐकलं, "मालतीचा हात मोडला गं नवऱ्यानं!"

मी धूम पळालो पोलीस पाटलांकडं. गावात मालती एकच, शिंप्याची. पाटील काठी घेऊन दारात. शिंपी बिचारा बायकोचंच पोलकं शिवत होता! मालती लाटणं घेऊन बाहेर आली. "पाटील, माझा हात बघायचाय का?"

आठवडाभर गाव मला 'मालतीचा भाऊ' म्हणत होतं.

*

धोंडाबाई, धनगराची म्हातारी, अक्षरशत्रू, पण वहिनीचं वाचन ऐकायला सगळ्यांच्या पुढं. ती थेट वाचनालयात. "त्या मालतीला सांगा, निघ म्हणावं तिथनं. किती मार खायचा?"

"आजी, ती छापील आहे."

"मंग छापणाऱ्याला सांगा!"

आता मी कुणाला सांगू, राव?

*

मग एका सकाळी टेंपोवाला लालबुंद होऊन आला. "नाना, सुमन घरात न्हाई! पारूवहिनी गिरणीत म्हणत व्हती, ती तळेघरला आत्याकडं सुखरूप पोचली. कोण पोचली?"

मला हसूच फुटलं. "अरे, ती पुस्तकातली मालती! मी फसलो, तू नको फसू!"

त्यानं कपाळावर हात मारला आणि टेंपो सुमनच्या माहेराकडं, तळेघरच्या बरोबर उलट, पार बेल्ह्याच्या दिशेला सोडला. पाठमोऱ्या धुळीकडं बघताना माझ्या डोक्यात आलं, छापील पुस्तकात आपलं तळेघर कसं आलं?

तसाच पारूवहिनीच्या दारात. "आत्या कुणाची?"

"माझी."

"मला आधी सांगायचं की! मी काय परका? असली थाप मारली असती!"

वहिनी सुपात दाणे पाखडता पाखडता म्हणाली, "भावजी, थाप मारायच्या आधी तुमच्या मिशा हसत्यात. सुमनच्या जिवाचा प्रश्न व्हता, म्हणून तुमाला ती खरंच पुस्तकातली वाटू दिली."