काकांचे दोन कॅमेरे

"लोणी लावू नका," असं म्हणून काका बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायचे. कोणी त्यांच्या फोटोचं कौतुक केलं तरी हेच. संपादकांनी आवाज मऊ करून सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तरी हेच. आणि आमच्यापैकी कोणी त्यांचा फोटो संगणकावर जरा उजळ करायला घेतला, तर टकटक टेबलावर न होता थेट आमच्या स्क्रीनवर व्हायची.

नाशिकला गंगापूर रोडवर एका दैनिकाचं जिल्हा कार्यालय होतं. काका तिथे छायाचित्रकार, मी उपसंपादक. कोणती बातमी कुठे घ्यायची, कोणता फोटो लावायचा, हे ठरवून पान तयार करणं माझं काम. काका पन्नाशी ओलांडलेले आणि मी तिशीही न गाठलेली, तरी ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि 'अहो-जाहो' करायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते मला कधी कळलं नाही.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, सकाळी येतानाच चिडलेलं. रस्त्यावर, चहावर, पंख्यावर, सगळ्यांवर. पण काकांची चीड जरा वेगळी होती. एकदा एका पुढाऱ्याने त्यांना सांगितलं, "डावीकडून घ्या, माझी ती बाजू चांगली येते." काका कॅमेरा न काढता म्हणाले, "मग उजवी घरी ठेवून यायचं होतं." तो पुढारी हसला, कारण चार माणसं बघत होती. दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन आला. काकांनी माफी मागितली नाही. फोटो मात्र छापून आला, दोन्ही बाजूंसकट.

आठ-दहा वर्षं झाली असतील. ऑफिसने जिल्ह्यातल्या सगळ्या बातमीदारांसाठी नवे कॅमेरे घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने दोन डिजिटल एसएलआर पंधरा दिवस वापरून बघायला दिले. व्यवस्थापकांनी ते काकांच्या हवाली केले आणि कोणता घ्यायचा ते लिहून द्या म्हणाले. अट एकच होती. डब्यातून काढले तसेच वापरायचे, आतलं काही बदलायचं नाही. उद्या ते बातमीदारांच्या हातात जाणार होते आणि त्यांच्यातला एकही जण मेनूत शिरून काही फिरवणार नव्हता.

काकांनी त्या दोघांची नावं ठेवली, थोरला आणि धाकटा. थोरला जड, काळाभोर, बटणं मोठाली. धाकटा हलका, मागच्या बाजूला मोठा पडदा. दोन खांद्यांवर दोघांना अडकवून ते पंधरा दिवस हिंडले. एकाने काढला की तोच फोटो लगेच दुसऱ्याने काढायचा. मोटारसायकलवरून दिंडोरीच्या द्राक्षबागांत गेले. तिथे फवारणी चालली होती आणि दोघांवरही औषधाचा पांढरा थर बसला. मिसळीच्या दुकानात तर्रीच्या हातांनी मालकाला बटण दाबायला लावलं. "बातमीदार असेच वापरणार," म्हणाले. खिशातल्या छोट्या वहीत सगळं लिहून ठेवायचे.

ते धाकट्याच्या विरोधात होते, असं नंतर काही जण म्हणाले. ते खोटं आहे. मी वही पाहिली होती. थोरल्याने मान दुखते, त्यांनी लिहिलं होतं. थोरल्याची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते, धाकट्याची संध्याकाळपर्यंत पुरते. थोरल्याचा आवाज 'खटाक' असा होतो, हरसूलच्या आठवडी बाजारात बाया दचकून तोंड फिरवतात. धाकटा हळूच काढतो, कोणाला कळत नाही. उन्हात दोघं सारखे. इतकं सरळ लिहिलं होतं.

पण उजेड कमी झाला की धाकट्याचं खरं रूप दिसायचं. थोरल्याच्या फोटोवर रव्यासारखे दाणे येत, पण त्या दाण्यांतून माणूस जसाच्या तसा दिसे. धाकटा ते दाणे पुसून टाकी आणि दाण्यांबरोबर सुरकुत्या, डाग, व्रण, सगळंच पुसून टाकी. वर चेहरा उजळ करी. काकांनी मला ट्यूबलाइटखाली काढलेला स्वतःच्या अंगठ्याचा फोटो दाखवला. लहानपणी विळीवर कापल्याची खूण गायब.

"एवढी वर्षं सांभाळली होती मी ती," ते म्हणाले. "ह्याने लोणी फासून टाकलं."

मी हसले. मला तो अंगठा छान वाटला होता, हे मी बोलले नाही.

त्याच पंधरवड्यात दिंडोरी रस्त्यावर एका म्हातारीला गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. म्हातारीला नाशिकला सरकारी दवाखान्यात आणलं. डोक्याला मार होता, ती डोळे उघडायची, पण बोलू शकत नव्हती. तिच्याजवळ कसलाही कागद नव्हता. पोलिसांनी ओळख पटवायला फोटो छापा म्हणून सांगितलं आणि काका वॉर्डात गेले. नियमाप्रमाणे त्यांनी दोन फोटो काढले, एक थोरल्याने, एक धाकट्याने. दोन्ही माझ्या संगणकावर टाकले आणि म्हणाले, "मॅडम, पहिला लावा."

तालुका आवृत्तीचं पान संध्याकाळी सातला छपाईला सोडावं लागे. पावणेसात झाले होते. मी दोन्ही फोटो उघडले. पहिल्यात काळी, सुरकुतलेली बाई होती, दाणेदार, अंधुक. दुसरा स्वच्छ होता. मी दुसरा लावला. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचा दबाव नव्हता. पान चांगलं दिसावं एवढंच डोक्यात होतं. पुढे ज्यांच्याबद्दल मी रागाने लिहिणार आहे, त्यांच्या आधी माझा नंबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वर्तमानपत्र हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. टकटक केली नाही.

"हा फोटो तू निवडलास?"

'मॅडम' गेलं होतं.

"हो. तो जरा क्लिअर होता, काका."

त्यांनी माझ्याच संगणकावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात म्हातारीच्या कपाळावर गोंदलेली बारीक वेल होती, हनुवटीवर तीन ठिपके, डाव्या भुवईत एक तुटलेली रेघ. दुसऱ्यात काही नव्हतं. कपाळ गुळगुळीत, हनुवटी कोरी, रंग दोन-तीन छटा उजळ. एक शांत झोपलेली, बऱ्या घरातली म्हातारी.

"माणूस ओळखायला फोटो मागितला होता," काका म्हणाले. "तू पाहिलंस तरी का तिच्याकडे?"

मी पाहिलं नव्हतं. मी फोटो पाहिला होता.

आम्ही दोघं संपादकांकडे गेलो. पहिला फोटो उद्या पुन्हा छापू, असं मीच म्हणाले. संपादक सभ्य माणूस होते. माझ्या मते जगातलं निम्मं नुकसान सभ्य माणसंच करतात, कारण ती 'नाही' फार गोड म्हणतात. ते म्हणाले, "एकदा दिलंय आपण. त्याच बातमीला पुन्हा जागा कशी देणार? उद्या दागिन्यांची पुरवणी आहे." त्यावर काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी माझ्या टेबलाशी परत आले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

काकांनी थोरल्याच्या फोटोच्या प्रती काढल्या आणि रजा टाकली. दिंडोरीच्या बसस्टँडवर, बागांच्या फाटकांवर, जिथे मजुरांच्या टोळ्या उतरतात तिथे, सगळीकडे फोटो चिकटवत, विचारत फिरले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी हरसूलचा बाजार होता. तिथे बांगड्या विकणाऱ्या एका बाईने फोटो हातात घेतला, हनुवटीवर बोट ठेवलं आणि पाड्याचं नाव सांगितलं. "हिच्या सुनेला मीच बांगड्या भरते," म्हणाली.

पाडा डोंगरात, बाजारापासून लांब. निरोप संध्याकाळी पोचला. म्हातारी दिंडोरीला लेकीकडे निघाली होती. लेक आणि जावई तिथे बागेत कामाला होते. मुलगा समजत होता आई बहिणीकडे आहे. बहीण समजत होती आई अजून घरून निघालीच नाही. दोघांपैकी कोणाचीच चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा दवाखान्यात पोचला. म्हातारी त्या दिवशी सकाळी गेली होती.

काकांचा मला फोन आला. "या इकडे. फोटो तुम्ही लावलात, तुम्हीच सांगा त्याला."

मुलगा माझ्याच वयाचा असेल. दवाखान्याच्या मागच्या बाजूला कट्ट्यावर बसला होता, हातात काकांचा फोटो. मी कोण ते सांगितलं. त्याने मान हलवली.

"तुमचा पेपर मी पाहिला व्हता," तो म्हणाला. "छापून आला त्याच दिशी. चहाच्या दुकानावर. हातात धरला व्हता."

"मग?"

"शहरातली कोणी बाई असंल वाटलं. पान उलटलं."

त्याने हातातल्या फोटोकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हा का नाय छापला? दोन्ही एकाच दिशी काढलं, काका सांगतात."

मी म्हणाले, "माझी चूक झाली. मला तो दुसरा चांगला वाटला."

तो फोटोच बघत राहिला. मी शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. काकांनाही सहन होईना. ते त्याच्यावरच ओरडले, "अरे, बोल की हिला काहीतरी. तुझी आई सहा दिवस एकटी पडून होती इथे. राग येत नाही का तुला?"

मुलगा उठला. फोटोची नीट घडी केली आणि खिशात घातली.

"राग मग करू, काका," तो म्हणाला. "आता आईला न्यायचं हाय. गाडी मिळंल का ते पहा."

काकांनी गाडी शोधली. वर डोंगरात पाड्यापर्यंत तिच्यासोबत गेले. मला ये म्हणाले नाहीत आणि मीही चढले नाही.

पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्याच्या खरेदीची बैठक झाली. काकांनी वही ठेवली आणि दोन्ही फोटो टेबलावर मांडले. व्यवस्थापकांनी धाकटा हातात घेऊन वजन पाहिलं. पुरवण्यांमध्ये चेहरे छान येतील म्हणाले, जाहिरातदार खूश राहतील म्हणाले. संपादक फोटोंकडे न बघता म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण त्यात कॅमेऱ्याचा काय दोष?"

"काहीच नाही," काका म्हणाले. "कॅमेऱ्याला कोणी नोकरीवर ठेवलेलं नाही."

आणि माझ्याकडे पाहिलं. खोलीतल्या प्रत्येकाकडे पाहिलं, पण सुरुवात माझ्यापासून केली.

धाकटाच आला. सगळ्यांसाठी. त्या संध्याकाळी काकांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून स्वागतकक्षात ठेवलं आणि गेले. निरोप समारंभ झाला नाही. कोणी तो सुचवलाही नाही. मी नोकरी सोडली नाही. धाकट्याचे फोटो मी पुढे कितीतरी वर्षं पानांवर लावले. राजीनामा लिहिला होता, दिला नाही. ह्याचं कारण विचारू नका. मलाही ते आवडत नाही.

नंतर कळलं, काकांनी स्वतःसाठी थोरल्यासारखा एक कॅमेरा घेतला होता आणि ते हरसूलच्या बाजारात बसू लागले होते. एक लाकडी खुर्ची, मागे पांढरी चादर, बाजूला बॅटरीवर चालणारा लहानसा प्रिंटर. ओळखपत्रासाठी, लग्नासाठी, घरात लावायला, कशालाही. लोक रांगेत उभे राहायचे. म्हाताऱ्या बायांना ते म्हणायचे, "पदर जरा मागे घ्या आजी, कपाळ दिसू द्या."

मी एकदा गेले. मुद्दाम गेले. रांगेत उभी राहिले आणि नंबर आल्यावर खुर्चीत बसले. काकांनी मला ओळखलं. कॅमेरा डोळ्याला लावला.

"काका, मी," मी म्हणाले.

"हनुवटी खाली घ्या," ते म्हणाले. "हलू नका."

खटाक. थोड्या वेळाने फोटो माझ्या हातात दिला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकाशेजारचा चामखीळ, दोन भुवयांमधली आठी, सगळं होतं. मला माफ करा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"पुढे कोण आहे, या."

काका मागच्या हिवाळ्यात गेले. मला ते आठ दिवसांनी कळलं. दहाव्याला जायचीही वेळ टळून गेली असं मी स्वतःला सांगितलं, जे खरं नव्हतं. त्यानंतरच्या बाजाराला मी हरसूलला गेले. त्यांच्या जागेवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्याचा सदरा धुऊन घडी मोडलेला, तिचं लुगडं नवं, केसांना तेल. दोघंही रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

"फोटोवाला आज नाय आला का?" आजोबांनी विचारलं.

मी सांगितलं ते गेले म्हणून. त्यांना नीट ऐकू गेलं नसेल वाटून पुन्हा सांगितलं. आजोबांनी मान हलवली.  आजीने पदर कपाळावरून मागे घेतला आणि ती दोघं तशीच बसून राहिली.