लसूणघासाच्या जाळीत, हेल्मेट घालून

कात्रजला अजगर बघताना मी जांभई दिली होती. बिबट्या समोर आला तर त्याला पत्ता विचारेन. पण मधमाशी गुणगुणली की माझी गाळण उडते.

आणि शेतकी शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी माझ्या वाट्याला आला लसूणघास, गाईम्हशींचा हिरवा चारा. कॉलेजच्या शेतावर उन्हाळाभर पाणी तोडूनही त्यातली मोजकी झाडं हिरवी राहिली होती. त्यांचा संकर आपसांतच व्हायला हवा, बाहेरचा पराग नको, म्हणून सरांनी ती जाळीच्या खोलीत लावली आणि आत मधमाश्यांची पेटी ठेवली. बी धरलं तर माझा प्रबंध, नाहीतर वर्ष पाण्यात.

या घासाचं फूल दिसायला गरीब. माशी बसली की आतला दांडा फटकन उसळून तिला चापट मारतो, तेव्हाच पराग लागतो. आमच्या माश्या दोन चापटांत शहाण्या झाल्या. बाजूने सोंड घालून मध चोरायच्या, फुलं बंदच.

सर म्हणाले, "त्या कामचुकार निघाल्या. आता आपण आत जा."

"सर, आधी पेटी बाहेर काढू या का?"

"पेटीवाला गावाला गेलाय. तो येईपर्यंत फुलं गळतील. जाताय, की वाजंत्री बोलवू?"

मी रेनकोट घातला, हेल्मेट चढवलं, गळ्याला आईची ओढणी गुंडाळली. मागे सरांनी जाळीची चेन ओढली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

जाड कागदाची घडी फुलात दाबायची, फूल कागदाला चापट मारणार, तोच पराग घेऊन पुढच्या झाडाकडे. सोपं होतं. पण आत लाखभर माश्या होत्या, एकेक कबुतराएवढी, आणि त्यातली एक हेल्मेटमध्ये शिरली. काचेवर, माझ्या डोळ्यासमोर, सावकाश चालू लागली. मी श्वास थांबवला. हात मात्र असा थरथरत होता, की कागद लागेल ते फूल फटाफट उघडत गेलं. ती कधी गेली कळलं नाही. मी दुपारभर तसाच कापत फिरलो.

महिन्याभराने शेंगा धरल्या, जिलबीसारख्या वळलेल्या. सरांनी एक चोळून बी माझ्या तळहातावर ठेवलं.

"छान. आता हे पेरू, पुन्हा पाणी तोडू, टिकतील त्यांचा पुन्हा संकर. अशा चार-पाच पिढ्या तरी लागतात. हात असाच राहू द्या आपला."

बी तळहातावर नाचत होतं. मी मूठ मिटली, तरी थांबेना.