पहिलं पाणी कुठं पिशील?

हिंगोलीच्या तुरुंगात शामुवेल मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गजांपलीकडे उकिडवे बसून माझ्याकडे नुसते बघत होते. बैलचोरीबद्दल मला तीन वर्षांची सजा झालेली. ख्रिस्ती उपदेशक आता पापांची उजळणी करून घेणार, म्हणून मी तोंड फिरवलं. पण मास्तरांनी गुन्हा विचारलाच नाही. म्हणाले, "सुटलास की पहिलं पाणी कुठं पिशील, बाबा?"

दर रविवारी प्रत्येक कैद्याला ते हेच विचारत. कुणी आडाचं नाव सांगे, कुणी बायकोच्या हातचं म्हणे. मग मास्तर वाटेची चौकशी करीत. ओढा कुठं लागतो, चिंच कोणत्या हाताला, वेशीत कोण बसलेलं असेल? बोलता बोलता भिंती विरत जात, आणि मी बसल्या जागी माझ्या गावी, डोंगरकड्याला, जाऊन येई. आईच्या रांजणाचा गारवा हाताला लागे. शुभवर्तमान मी त्यांच्याकडून पुढे ऐकलं. आधी त्यांनी मला माझंच गाव ऐकवलं.

मी मात्र त्यांना खोटं सांगत होतो. पहिलं पाणी मी पिणार होतो जवळा बाजार या गावी, ज्याच्यासोबत बैल चोरले त्या जोडीदाराच्या घरी. त्याचा निरोप आला होता. नवी बैलजोडी हेरून ठेवली होती. आई दारात उभं करणार नाही, अशी माझी खात्रीच होती.

सुटकेच्या दिवशी दरवाजाशी हजर राहायचं आणि माणसाला घरापर्यंत पोचवायचं, हे मास्तरांचं व्रत. मात्र कामाला पक्के असलेले मास्तर तारखांना अगदी कच्चे! तुरुंगाचं दफ्तर संस्थानच्या फसली महिन्यांवर चाले, मास्तरांच्या ख्रिस्ती देवळातलं कॅलेंडर इंग्रजी. बहमनची पहिली, माझ्या सुटकेची तारीख, म्हणजे डिसेंबरचीच पहिली, असं धरून ते चार दिवस आधीच येऊन थडकले. पहारेकरी करीमभाई पोट धरून हसले. "मास्तर, अभी टाइम है. घर जाव."

"घरी जातो अन् इकडं हा निघाला, तर? बसतो मी," असं म्हणून मास्तरांनी समोरच्या चिंचेखाली घोंगडी टाकली. एका दिवसाची शिदोरी संपल्यावर करीमभाई आपल्यातली अर्धी भाकरी त्यांना देऊ लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अचानक हुकूम आला. चांगल्या वर्तणुकीबद्दल दोन दिवसांची माफी, आत्ताच निघा. बाहेर कुणालाच खबर नव्हती. मी दरवाजातून निघालो तेव्हा कयाधू नदीकडून धुकं येत होतं. झाडं जमिनीपासून सुटून तरंगत होती. मी जवळा बाजाराची वाट धरली. चार पावलं गेलो असेन. चिंचेखाली एक आकृती हलली. भास वाटला.

"आलास? चल, तहान लागली आसंल."

मी तिथंच मटकन बसलो आणि लेकरासारखा रडलो. जवळा बाजाराचं सगळं सांगून टाकलं. मास्तर एवढंच म्हणाले, "मग डोंगरकडा बराबर दुसरीकडं हाय. ऊठ."

दोन दिवस चाललो. आई दारात उभी होती. मला बघून म्हणाली, "काहून आलास?"

मास्तर अंगणाबाहेरूनच म्हणाले, "पाणी प्यायला आलाय, माय."

आईनं तांब्या आणला आणि माझ्या हाती दिला. मास्तरांचा जन्म गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. गावच्या रीतीनं त्यांना वरून ओंजळीत पाणी मिळणार होतं. मी तांब्या आईला परत दिला, मास्तरांशेजारी जाऊन बसलो आणि ओंजळ पुढे केली. तिनं तांब्या वाकवला आणि दोन्ही ओंजळी भरल्या. इतकं गोड पाणी मी जन्मात प्यालो नाही.

ज्यांचे बैल चोरले, त्यांच्याच शेतात मी पुढे दोन वर्षं राबलो. आज मास्तरांसोबत तुरुंगाच्या दरवाजाशी मीही जातो, आणि मुदतीच्या चार दिवस आधीच जायचं, ही आमच्या मंडळीची रीत पडली आहे. मास्तर त्या दिवसाला अजूनही गणितातली चूक म्हणतात. मी तिला कृपा म्हणतो. या एका बाबतीत आमचं कधी जमलं नाही.

यंदा राज्य बदललं. फसली महिनेही जातील म्हणतात. मास्तरांच्या पंचाहत्तरीसाठी आपण इथं जमलो आहोत; त्यांचे गुडघे आता कुरकुरतात. परवा हसत म्हणाले, "आता माझंच बोलावणं येऊन राहिलं. आधीच जाऊन बसावं म्हंतो."

मला हे ऐकवलं नाही. आपणा सर्वांच्या साक्षीनं मी त्यांना हात जोडून विनवतो: मास्तर, प्रत्येक दाराशी तुम्ही चार दिवस आधी गेलात, त्या एका दाराशी मात्र उशिरा जा. धडधाकट राहा आणि तारीख चुकवा, महिना चुकवा, खुशाल वर्षंच्या वर्षं चुकवा. चिंचेखाली तुमची घोंगडी मी टाकून ठेवली आहे. आत अजून पुष्कळजण तहानलेले आहेत.