नऊ नंबरच्या जर्सीतली दुसरी

"काकू, फक्त पाच मिनिटं हं," म्हणत इतिहासाच्या बाई किटरूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि काकूंनी ओळखलं, अर्धा तास गेला.

किटरूम म्हणजे मैदानाच्या कडेला, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली काढलेली तिरकी खोली. एका टोकाला ताठ उभं राहता येतं, दुसऱ्या टोकाला कंबरेत वाकूनच जावं लागतं. सव्वीस वर्षांत कुठे वाकायचं ते काकूंच्या कपाळाला पाठ झालंय. भिंतीला नंबर घातलेले खण, दोरीवर मोजे, कोपऱ्यात चेंडूंचं जाळं आणि ओल्या बुटांचा असा वास, की नवी मुलगी पहिल्या दिवशी नाक धरते आणि तिसऱ्या दिवशी तिथेच बसून डबा खाते. बाईंचा किटरूममधला हा पहिलाच दिवस होता. त्यांनी रुमाल काढला.

"मुद्रितं आलीत. शुक्रवारी पुस्तक छपाईला जातंय. जर्सीचे रंग आणि सालं, तेवढं नजरेखालून घाला. बाकी सगळं मी तपासलंय."

पुस्तक होतं कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या इतिहासाचं. सव्वीस हंगाम, एकवीस करंडक, त्यातले शेवटचे अकरा ओळीनं. हल्ली स्पर्धेची सोडत निघते तेव्हा बाकीच्या कॉलेजांचे कोच एकमेकांना म्हणतात, "चला, दुसरं कोण येणार ते ठरवून टाकू." एका हंगामात तर गोलकीपर जर्सी परत देताना म्हणाली होती, "काकू, ही धुऊ नका. मळलीच नाही."

काकूंनी हातातला बूट आणि स्टड घट्ट करायची किल्ली बाजूला ठेवली, हात पुसले, चष्मा लावला. रंग बरोबर होते. सालं बरोबर होती. पान चौदावर पहिला करंडक आला. 'अंतिम सामन्याच्या ऐंशीव्या मिनिटाला कर्णधाराने (जर्सी क्र. ९) डाव्या पायाने मारलेल्या एकमेव गोलाने या सुवर्णयुगाचा प्रारंभ झाला.'

काकूंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा.

"हा गोल तिनं नाही मारला."

"कोणी?"

"कप्तानानं. ती तेव्हा मैदानातच नव्हती. माझ्या शेजारी बाकावर बसली होती, पाय थंड पाण्याच्या बादलीत घालून."

"अहो, पण नऊ नंबर तिचाच ना?"

"जर्सी मैदानात होती. आत दुसरी होती."

बाईंनी रुमाल नाकावरून काढला. काकूंना सगळं सुरुवातीपासून सांगावं लागलं.

त्या वर्षी संघाकडे जर्सी अकराच होत्या. कॉलेजनं साधे पिवळे शर्ट दिले होते, नंबरसुद्धा नव्हते. काकू तेव्हा प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या कामावर होत्या. शिवता येतं म्हणून जुन्या सरांनी, म्हणजे संघाच्या पहिल्या कोचनी, त्यांना मैदानावर बोलावून घेतलं. काकूंनी घरच्या जुन्या निळ्या चादरीतून एक ते अकरा आकडे कापले आणि शर्टांच्या पाठीवर शिवले. चादर तिथेच संपली. म्हणून मुलगी बदलायची झाली की काकू मैदानाच्या कडेला टॉवेल धरायच्या, आतली मुलगी जर्सी काढून द्यायची, बाहेरची घालायची. घामानं भिजलेली, गरम. रेफरी घड्याळ बघत उभा राहायचा आणि मान हलवायचा. मुलींच्या सामन्यात बदलीची नोंद करावी असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

फायनलला पंच्याहत्तराव्या मिनिटाला कप्तानाचा घोटा मुरगळला. नऊ नंबरची जर्सी टॉवेलाआड उतरली आणि एका बारक्या, पहिल्या वर्षाच्या मुलीच्या अंगावर चढली. कप्तान चांगली उंच. जर्सी या मुलीच्या मांड्यांपर्यंत येत होती. काकूंनी डाव्या कुशीवर तिची गाठ मारली आणि पाठीत धपाटा घालून आत ढकललं. पाच मिनिटांनी गोल झाला.

"ही मुलगी कोण?" बाईंनी वही उघडली.

काकू जरा अडखळल्या. "माझी जाऊ."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू काकूंच्या डोक्यात गेलं.

"तेव्हा नव्हती जाऊ. गोल बघूनच मी तिला धाकट्या दिरासाठी मागणी घातली. अशी चपळ पोरगी आपल्या घरात हवी म्हटलं. झालं, वर्षाच्या आत लग्न, पुढच्या वर्षी कॉलेज सुटलं, फुटबॉल तर सुटलाच. त्यानंतर तुमचे वीस करंडक आले. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. माझ्यामुळे."

"मी समजू शकते, काकू. पण इतिहासाला कागद लागतो." बाईंनी फायलीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद काढला. "रेफरीचा मूळ कागद. वर खेळाडूंची यादी, नऊ म्हणजे कप्तान. इथे गोल: नऊ, ऐंशीवं मिनिट. आणि खाली कॉलेजतर्फे पडताळणी. ही सही कोणाची?"

काकूंनी कागद उजेडात धरला. सही त्यांचीच होती.

मग त्यांना आठवलं. जुने सर मुलींच्या खांद्यावर होते. अख्खं मैदान नाचत होतं आणि काकू एकट्याच हिंडून जर्सी गोळा करत होत्या, एखादी हरवली तर पुढच्या वर्षी काय घालायचं. रेफरीनं गाठून विचारलं, "गोल कोणाचा?" काकू म्हणाल्या, "नऊचा." "करा सही." केली. काकूंना मुली नंबरानंच ठाऊक असतात. तीनचा डावा गुडघा दुखरा, सातला धुण्याच्या पावडरीनं पुरळ येतं, अकराला झोपाळू म्हणतात. आजही त्या ओरडतात, "ए चौदा, मोजे उलटे टाकू नकोस गं." कुणाला राग येत नाही.

"माझीच आहे," काकू म्हणाल्या. "पण मी जर्सीचं सांगितलं होतं. माणसाचं नाही."

"कागदावर तसं दिसत नाही ना पण."

दुसऱ्या दिवशी काकू घरून ट्रंकेतली जुनी नऊ नंबरची जर्सी घेऊन बाईंच्या खोलीत गेल्या. पुस्तकात त्या गोलाचा पाठमोरा फोटो होता, धुरकट, चेंडू जाळ्यात आणि नऊ नंबर हात वर करून पळतोय. काकूंनी जर्सी टेबलावर पसरली आणि डाव्या कुशीवर तशीच गाठ मारली.

"हे बघा आणि फोटोत बघा. इथे. कप्तानाला ही जर्सी अंगासरशी बसायची, ती कशाला गाठ मारेल?"

बाईंनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या काही वाईट नव्हत्या. "गाठ दिसते," त्या म्हणाल्या. "पण गाठ कुणीही मारू शकतं. थांबा, आपण कप्तानालाच विचारू. प्रकाशनाला प्रमुख पाहुण्या त्याच आहेत."

कप्तान आता मोठ्या हुद्द्यावर होती. तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला, बाईंनी स्पीकर चालू केला.

"काकू! आवाज तस्साच आहे हो तुमचा. मला अजून ओरडाल असं वाटतं."

"तुझा पाय मुरगळला होता ना गं त्या दिवशी?"

"हो की. तो सेमीफायनलला ना?"

"फायनलला. बादली मी आणली होती."

"असेल हो. पण गोल मला अगदी डोळ्यांसमोर दिसतो. डावीकडून चेंडू आला, गोलकीपर पुढे सरकली..."

"दिसणारच. समोर बसली होतीस."

मग कप्तान जरा वेगळ्या, सभेतल्या आवाजात म्हणाली, "काकू, शेवटी गोल संघाचा असतो. कोणाच्या का पायानं जाईना."

"मग तिच्याच पायाचं नाव लिहू दे की. तुझं काय जातंय?"

"माझं काहीच जात नाही. पण इतक्या मुलाखतींत सांगून झालंय. आता मलाच खात्रीनं सांगता येत नाही. बाई, तुम्ही ठरवा, मी मध्ये पडत नाही." आणि कुणीतरी बोलावतंय म्हणून तिनं फोन ठेवला.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "काकू, मला व्यक्तिशः तुमचं पटतंय. पण ती नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, आणि कागद एकच आहे. तोही तुमच्या सहीचा. असं करू, दुसऱ्या आवृत्तीत तळटीप टाकू."

"पहिलीच्या किती प्रती छापताय?"

"हजार."

कॉलेजच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या न खपलेल्या सहाशे प्रती अजून काकूंच्या किटरूममध्ये होत्या. बुटांची मांडणी त्यांच्यावरच उभी होती. काकूंनी जर्सीची घडी घातली.

"जर्सी मात्र ठेवून जा हं," बाई म्हणाल्या. "काचेच्या कपाटात लावायची आहे. खाली कप्तानाच्या नावाची पट्टी केलीय."

"मग पट्टीच लावा," काकू म्हणाल्या आणि जर्सी पिशवीत घालून निघाल्या. नोकरीत त्यांनी वरच्या माणसाला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. त्यानं काहीही झालं नाही. कपाटात दुसऱ्याच वर्षाची एक पिवळी जर्सी लागली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुस्तक निघालं. काकूंना दोन प्रती मिळाल्या, एकीवर 'आदरपूर्वक' लिहिलेलं. त्यांनी दोन्ही घरी आणल्या आणि शिलाई मशीनच्या खाली, कापडाच्या तुकड्यांत खुपसल्या. घरात इतकी वर्षं एक ठरलेला विनोद होता. पाहुणे आले की धाकटा दीर म्हणायचा, "आमच्या हिनं कॉलेजला पहिला कप मिळवून दिलाय बरं का. फक्त पेपरात नाव दुसरीचं आलं." पाहुणे हसायचे, धाकटी चहाचे कप उचलायची. "पुस्तक येऊ दे," काकूंनी या वेळी त्याला सुनावलं होतं, "मग बघते तुझं तोंड."

तिसऱ्या दिवशी काकू कामावरून आल्या तर धाकटी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. पुस्तक समोर उघडं, पान दाबायला मिठाची बरणी.

"जाऊबाई, मशीनला तेल घालायला गेले होते," ती म्हणाली. "कागद चांगला वापरलाय."

काकू उभ्याच राहिल्या. "मी सांगितलं त्यांना. गाठसुद्धा दाखवली. तिला फोन लावला. ती म्हणते आठवत नाही."

"हं."

"आणि..." काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "त्या कागदावर माझी सही आहे. मीच सांगितलं होतं नऊ म्हणून."

धाकटीचं सोलणं थांबलं नाही. "माहितीय."

"काय माहितीय?"

"मी तिथेच होते की. टॉवेल गुंडाळून. तुम्हीच म्हणालात, आण ती जर्सी, कप्तानाला बक्षिसाच्या फोटोला पाहिजे. मी गाठ सोडत होते, ती सुटेना. तेवढ्यात तो रेफरी आला."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"टॉवेलवर?"

काकूंना हसू आलं नाही. "आणि नंतर? पंचवीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आपण."

"तुम्ही सव्वीस वर्षं येईल-जाईल त्याला सांगत होतात, हिनंच मारला म्हणून. ते ऐकायला बरं वाटायचं. सहीचं काढलं असतं तर तुम्ही बोलायच्या बंद झाला असतात." तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "आता हे घरात नको. तुमच्या त्या किटरूममध्ये ठेवा. मांडणीला टेकू म्हणून चालेल."

"धाकटे..."

"राहू द्या आता. कांदा कापा."

काकूंनी कांदा कापला. दीर आला तेव्हा त्यानं दोघींची तोंडं बघितली आणि विनोद केला नाही. काकूंना त्याचाच जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात नव्या हंगामाचा पहिला सामना होता. आता जर्सींचे तीन संच आहेत, पाठीवर छापील आकडे, सहा राखीव मुली आपापल्या जर्सीत बाकावर. संघ पाच-शून्यनं जिंकला. मुली ओरडल्यासुद्धा फारशा नाहीत. सवय झालीय त्यांना. काकू पाण्याच्या बाटल्या गोळा करत होत्या. तेवढ्यात रेफरी आला, तरुण होता, हातात कागद लावलेली पाटी.

"काकू, कोच फोनवर आहेत. दुसरा गोल कोणाचा? मला तिकडून दिसलं नाही."

काकूंनी बाटल्या खाली ठेवल्या. त्या मुलीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बाकापर्यंत चालत गेल्या, मुलीला विचारून परत आल्या आणि तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही, सावकाश सांगितलं.

रेफरीनं पेन वर धरलं. "नंबर सांगा ना. नावाला रकाना नाही."

"कडेला लिहा."

"कडेला शिक्का येतो."

काकूंनी नाव पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. तोवर रेफरीनं मान उंचावून मुलीची पाठ पाहिली होती. कागदावर आकडा टाकून त्यानं पाटी त्यांच्यापुढे केली.

"करा सही."

"नाही करत," काकू म्हणाल्या.

रेफरीनं खांदे उडवले आणि सहीसाठी कोचकडे गेला. कोचनं फोन कानाला तसाच ठेवून, न वाचता सही केली.