धोका : साखराबाई

जगातली जीवसृष्टी वाचवायचं काम आमच्या गावात आलं, ते थेट माझ्या टेबलावर. मी सुदर्शन, कंधार तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर ऑपरेटर. जन्माचे दाखले, नळपट्टी आणि आता पृथ्वी, पगार तेवढाच.

गायरानात कोणत्या वनस्पती आहेत आणि त्यातली कोणती आधी वाचवायची, हे ठरवायला दोन मोठे डॉक्टरेटवाले साहेब जीप घेऊन आले. तासभर गायरान बघितलं आणि म्हणाले, "गवत दिसतंय." वा रे विद्वान! शेवटी मी साखरामावशीला बोलावलं.

साखराबाई साठीची. सारी हयात गायरानातल्या रानभाज्या खुडायच्या आणि बाजारात विकायच्या, त्यावरच तिचं पोट. तोंडाची फटकळ. आल्या आल्या साहेबाला म्हणाली, "पाय उचला. तुमी हुबे हाव ते कुर्डू हाय." दोन दिवसांत तिनं एकोणपन्नास भाज्या दाखवल्या. शेवटी गुडघे टेकून खरपुडी दाखवली. काडीएवढा वेल, खाली कंद. मोठा कंद काढला, बारका परत मातीत ठेवून वर थाप मारली.

"ह्यो ठिवायचाच. न्हाईतर पुढच्या साली काय खाचाल, माती?"

साहेब लई हरखले. ही म्हणे जगात मोजक्याच ठिकाणी उरलेली. खरपुडीचे शंभर फोटो काढले, मावशीचा एकही नाही.

मग मी फॉर्म भरायला बसलो. उपयोग कोण करतं? साखराबाई. माहिती कोणी दिली? साखराबाई. धोका कोणापासून? तो रकाना मोकळा सोडला तर फॉर्म पुढं सरकेना, आणि बाहेर साहेब जीपमध्ये बसून हॉर्न वाजवून राहिले. दिलं वरचंच नाव खाली चिकटवून. काय अक्कल माझी!

चार महिन्यांनी अहवाल आला. खरपुडीला पहिलं प्राधान्य, धोका साखराबाईपासून. लगेच गायरानाला तारेचं कुंपण, फाटक, कुलूप. बोर्डावर पेंटरनं कमळ काढलं, कारण खरपुडी त्या बापड्यानं बघितलीच नव्हती.

मावशी हापिसात आली. "सुदर्शन, मी काय केलं रे? कुणाचं काय खाल्लं मी?"

"वरून आलंय, मावशी," मी म्हणालो. माझ्याच बोटांनी लिहिलेलं वरून आलं होतं! ते तिला नंतर ग्रामसेवकाकडून कळलं. तिनं मला एका शब्दानंही विचारलं नाही. विकत आणलेली कोथिंबीर विकायला घेऊन ती बाजारात खाली मान घालून बसायची, आणि मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

दोन वर्षांनी साहेब फेरमोजणीला आले. जनावरं आत जात नव्हती, गवत कमरेएवढं झालेलं. खरपुडी काही सापडेना. मग बोलवा साखराबाईला! एका दिवसाचा पास दिला, त्यावर छापलं 'स्थानिक तज्ज्ञ'. धोक्याची बढती झाली.

तीन तास ती फिरली, मी तिच्या मागं. एका जागी खाली बसली, दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. तिचा हात तिथंच थांबला. मग उठली, गुडघे झटकले आणि साहेबांना म्हणाली, "न्हाई. संपली."

साहेबांनी हळहळत लिहून घेतलं, येथून नामशेष. वाचवायला काही उरलं नाही म्हणून प्राधान्य गेलं, निधी गेला, महिन्याभरात कुंपण उपटून दुसऱ्या गावाला गेलं. गायरान मोकळं झालं.

पुढच्या श्रावणात मावशी रानभाज्यांची पाटी घेऊन बाजारात बसली. मी धीर करून तिच्यासमोर टेकलो. "मावशी, खरपुडी हाय ना? मला तरी दाखव. आईशप्पथ, कुणाला सांगत न्हाई."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"कशाला? लिहायला?" म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला कुर्डूची जुडी द्यायला वळली.