श्यामकांतकाकांचा नकार

श्यामकांतकाका आयुष्यात कधी कोणाला पहिल्या फटक्यात 'हो' म्हणाले असतील असं मला वाटत नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा आधी 'इतक्यात नको' म्हणाले होते म्हणे. आजोबांनी दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग कुठे काका खाली मान घालून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाले. प्रभाकाकू ही गोष्ट सांगताना दर वेळी हसायची. "मी तिकडे नवीन साडी नेसून बसलेय आणि ह्यांचं आपलं नको-नको चाललंय!"

आमच्या घराण्याची रीतच ती. वाढताना पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्याने 'अहो, घ्या हो एक' म्हणायचं, पाहुण्याने 'पोट फुटेल' म्हणायचं आणि तिसऱ्या वेळी पोळी पानात पडायचीच. पहिला नकार हा सभ्यपणा असतो. खरं उत्तर काय आहे ते विचारणाऱ्याने आग्रह करून काढून घ्यायचं. आग्रह केला नाही तर त्याचा अर्थ एकच, की विचारणाऱ्यालाच ते मनापासून नको होतं.

काका ही रीत बरोबर घेऊन १९७२ साली जर्मनीत आले. नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काम केलं, जवळच्याच एका गावात टेकडीवर घर घेतलं. खाली द्राक्षांचे मळे, वर लाल कौलांचं उतरतं छप्पर. मूलबाळ नाही. त्यांच्या रक्ताचं या देशात माणूस म्हणजे मी एकटी, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, अरुंधती. मी फ्रँकफर्टला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

या देशात माणूस एकदा विचारतो आणि एकदा ऐकतो. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस होता, चेरीचा केक माझ्यापुढे आला, मी संस्काराने 'नको नको' म्हणाले आणि केक सरळ शेजारच्याकडे गेला. परत आला नाही. त्या दिवसापासून मी पहिल्याच वेळी 'हो' म्हणायला शिकले, आणि लोकांचा 'नाही' हा 'नाही' म्हणून घ्यायलाही शिकले. त्याचा मला थोडा अभिमानही होता. काका-काकूंना मात्र पन्नास वर्षांत ते जमलं नाही. काकूने एकदा टूलरूममधल्या चार जणांना जेवायला बोलावून त्यांच्या पानात न विचारता तिसरी पुरणपोळी टाकली होती. त्यातला एक बिचारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात बसला. तो पुन्हा आला नाही.

आणि काकांना कोणी कुठे बोलावलं की काका म्हणायचे, "नको नको, तुम्हाला उगाच त्रास." समोरचा म्हणायचा, "बरं." झालं, विषय संपला. "माणसं चांगली आहेत गं," काका मला सांगायचे, "पण आग्रह नाही कोणाला." असं करत करत पन्नास वर्षांत त्या टेकडीवर त्यांच्याकडे येणारं-जाणारं कोणी उरलं नाही. दोघं खिडकीत बसून चहा प्यायचे आणि खालच्या रस्त्यावरच्या बसेस मोजायचे.

फेब्रुवारीत वादळ आलं. इथे वादळांना माणसांची नावं देतात, त्यामुळे बातम्या ऐकताना कोणीतरी वांड पाहुणा येतोय असं वाटतं. रविवारी रात्रभर वारा होता. सोमवारी सकाळी मी फोन केला.

"काही नाही गं, थोडं वारं होतं," काका म्हणाले. "दोन-चार कौलं गेली."

"मी येऊ का?"

"छे छे. कशाला उगाच धावपळ? तुला ऑफिस आहे."

"बरं," मी म्हणाले. "काही लागलं तर सांगा." आणि मीटिंगला बसले. मंगळवारी पाऊस सुरू झाला, बुधवारीही होता. मी दोन्ही दिवस फोन केला, दोन्ही दिवस सगळं ठीक होतं.

गुरुवारी त्यांच्या शेजारणीचा, फ्राउ वेलरचा फोन आला. काकांनी कधीतरी तिला माझा नंबर देऊन ठेवला होता. ती म्हणाली, "तुमच्या काकांच्या छपराला भोक पडलंय. मी त्यांना विचारलं, मदत हवी का. ते नाही म्हणाले. आता मला कळत नाही की मी पुन्हा विचारलं तर चालेल का."

शुक्रवारी सुट्टी टाकली, भाड्याने गाडी घेतली आणि गेले.

दोन-चार नव्हे, साठ-सत्तर कौलं गेली होती. पश्चिमेकडची बाजू उघडी पडून आतल्या पट्ट्या दिसत होत्या. माळ्यावरून पाणी झिरपून झोपायच्या खोलीच्या छताला फुगवटा आला होता, त्याखाली बादल्या, पातेली आणि एका कोपऱ्यात चक्क काकूचं मोदकपात्र. गाद्या भिजलेल्या. चार दिवस काकू बैठकीच्या सोफ्यावर झोपत होती आणि काका खुर्चीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस खुर्चीत बसून झोपत होता आणि मला फोनवर 'थोडं वारं होतं' म्हणत होता. मला आधी राग आला आणि मग रडू.

"काका, फायर ब्रिगेडला का नाही बोलावलंत?"

"अगं, आले होते ते सोमवारीच," काकूच म्हणाली. "घरोघर विचारत होते. हे म्हणाले, आमचं काही विशेष नाही, दुसऱ्यांना जास्त गरज असेल."

"मग?"

"मग काय, गेले ते." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एकदा विचारलं. थांबलेसुद्धा नाहीत."

मी तिथूनच फोन लावला. गावातलं अग्निशामक दल म्हणजे पगारी माणसं नव्हेत. बेकरीवाला, शाळेतले मास्तर, असे हौसेने काम करणारे लोक. दोन तासांत शिडी आणि ताडपत्री घेऊन चौघं आले. त्यांचा म्होरक्या, लाल गालांचा आडदांड माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, "आम्ही सोमवारीच केलं असतं हो. पण साहेब नको म्हणाले, तर आम्ही बळजबरीने कसं चढणार?" त्याला खरंच वाईट वाटत होतं. काका अंगणात हात मागे बांधून उभे होते. ताडपत्रीच्या दोऱ्या आवळल्या जाईपर्यंत ते एकटक वर बघत होते. लोक जायला निघाले तेव्हा काकू चहा घेता का म्हणाली. ते नको म्हणाले. काकूने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. ते हसून गाडीत बसले आणि गेले.

त्यानंतर मी छप्पर दुरुस्त करणाऱ्यांना फोन करत सुटले. सगळीकडे एकच उत्तर, वादळानंतर रांग लागलीये. शेवटी कौलं घालणाऱ्या एकाने तारीख दिली, ती पाच आठवड्यांनंतरची. ताडपत्रीने पाणी थांबलं होतं, पण छत भिजलेलं, भिंतीला ओल, आणि त्या खोलीखेरीज झोपायला दुसरी जागा नाही. पाच आठवडे सोफा आणि खुर्ची. काकूला दमा आहे.

म्हणजे प्रश्न एवढाच होता की हे दोघं पाच आठवडे राहणार कुठे. आणि त्याचं उत्तर घरात तिघांनाही माहीत होतं.

चहा झाला. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "काका, काम होईपर्यंत माझ्याकडे येता का, फ्रँकफर्टला?"

"छे गं," काका म्हणाले. "तुला कशाला त्रास?"

"तुझी जागा एवढीशी," काकू म्हणाली. ती कपाकडे बघत होती. "त्यात तुझं होमऑफिस."

इथे मला खरं सांगायला हवं. माझं दोन खोल्यांचं घर आहे. सहा वर्षं मी त्यात एकटी राहते. सकाळी कोणाशी बोलावं लागत नाही, संध्याकाळी कोणी वाट बघत नाही. आधी त्याचं दुःख व्हायचं, मग सवय झाली आणि त्या सवयीला मी स्वातंत्र्य म्हणायला लागले. काकांनी 'छे गं' म्हटलं तेव्हा क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे काकूचा खोकला, काकांच्या सकाळच्या बातम्या, एकच बाथरूम असं सगळं येऊन गेलं. आणि मला हायसं वाटलं.

"बरं," मी म्हणाले. "बघा. वाटलं तर सांगा."

काका दोन क्षण थांबले. मग म्हणाले, "हो हो. सांगू ना." काकूने कप उचलले आणि आत गेली.

भिजलेल्या गाद्या तरी बाहेर काढाव्यात म्हणून मी वर गेले. दाराआड कपाटाला टेकून निळी बॅग उभी होती. आधी वाटलं, ओल लागू नये म्हणून कपडे भरून ठेवले असतील. चेन अर्धी उघडी होती. वरच औषधांचे डबे होते, दोघांचे वेगवेगळे, आठवड्याच्या वारांप्रमाणे गोळ्या लावलेले. काकूचा पंप. काकांचा चांगला स्वेटर, जो ते कोणाकडे जायचं असलं की घालतात. फ्रँकफर्टच्या हवेला म्हणून दोघांच्या कानटोप्या. आणि स्टीलच्या डब्यात, मऊ कापडात गुंडाळलेले देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, छोटा शंख.

देव कोणी ओलीपासून वाचवायला बॅगेत भरत नाही. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर कोरडं होतं. घरातली माणसं बरेच दिवसांसाठी निघाली, मागे दिवा लावायला कोणी नसलं, की देव बरोबर घ्यायचे असतात. ही बॅग मी यायच्या आधीच भरून ठेवलेली होती. मी येणार, मी विचारणार, ते नको म्हणणार, मी आग्रह करणार आणि मग काका 'बरं बाई, तू म्हणशील तसं' म्हणणार, एवढं सगळं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी घरचीच ना.

मला इतकी लाज वाटली की मी काही वेळ त्या ओल्या खोलीत तशीच उभी राहिले. मग धावतच खाली आले.

"काका, चला," मी म्हणाले. "मी काही ऐकणार नाही. आत्ताच्या आत्ता निघू या. मागची सीट रिकामीच आहे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. "वरच्या खोलीत गेली होतीस?"

काकांनीही माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला, कानापर्यंत लाल. मी बॅग पाहिली याची त्यांना माझ्याहून जास्त लाज वाटत होती.

"नाइन, अरुंधती," ते म्हणाले. "डांके."

ते मला नेहमी अरू म्हणतात. आणि 'नको, धन्यवाद' एवढंसुद्धा ते त्याआधी माझ्याशी कधी जर्मनमध्ये बोलले नव्हते. कारखान्यात, बँकेत, फ्राउ वेलरशी बोलताना ते जी भाषा वापरतात ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली, अगदी नम्रपणे, परक्या माणसापुढे ठेवावी तशी.

मी पुष्कळ विनवण्या केल्या. काकूचा दमा काढला, बाबांची शपथ घातली, शेवटी चिडलेसुद्धा. काका हसून मान हलवत राहिले. मध्येच कधीतरी काकू वर गेली. थोड्या वेळाने चेन पूर्ण उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचे कप्पे. खाली आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने कापड अंथरलं आणि एकेक देव मांडला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "उजेड आहे तोवर नीघ. हायवेला गर्दी असते."

मी दुसऱ्या दिवशी गाद्या पाठवल्या, ओल शोषणारं मशीन पाठवलं, दर शनिवारी जाऊन आले. फ्राउ वेलरला सांगितलं की तुम्ही तीनदा विचारत जा. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि इमानदारीत तीनदा विचारते. परवा काका तिच्याकडे कॉफीला गेले होते म्हणे. छप्पर केव्हाच झालंय, नवी कौलं जुन्यांपेक्षा जरा जास्त लाल दिसतात.

दर रविवारी मी फोन करून विचारते, चार दिवस राहायला येता का. दोनदा विचारते, तीनदा विचारते, जसं विचारायचं असतं तसं. दोन खोल्यांपैकी एक मी रिकामी करून ठेवली आहे, तेही सांगून झालं. काका शांतपणे ऐकून घेतात, माझी तब्येत विचारतात आणि गोड आवाजात म्हणतात, "नाइन, डांके." मला त्यांची इतकी आठवण येते की फोन ठेवल्यावर मी त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसते. ते बाकी सगळं बोलतात, हसतातसुद्धा. पण ज्या दिवशी मी एकदाच विचारून 'बरं' म्हणाले, त्या दिवसापासून मीही त्यांच्यासाठी इथल्या चांगल्या माणसांपैकी एक झाले आहे.