बुजवलेली खिडकी

माजलगावात मला सगळे डिशवाली ताई म्हणतात. खोलीत वायरी, पितळी स्क्रू आणि लाटा मोजायचं यंत्र दिसतं, मग शेजारच्या काकू बिघडलेला रिमोट घेऊन येणारच. पहिल्या वर्षी मी समजावून सांगायचे, की मी मोबाइल टॉवरवर बसणारे फिल्टर, म्हणजे हवी तेवढीच रेडिओ लाट जाऊ देणारे धातूचे डबे, डिझाइन करते. आता गुपचूप सेल बदलून देते. काकू खूश होतात आणि जाताना दार ओढून घेतात.

आईसाठी मी पुण्याहून इथं आले. कंपनी म्हणाली, घरून काम करा. दीड वर्षात आई गेली आणि मी राहिले, का ते विचारू नका. दिवसदिवस कुणाशी बोलणं नसायचं. कुकरच्या शिट्ट्या मी मोठ्यानं मोजायचे, निदान आपला तरी आवाज ऐकू यावा म्हणून.

बोलणं व्हायचं ते फक्त खरादवाल्या चाचांशी. स्टँडमागं त्यांचं लेथचं दुकान. पंपाचे शाफ्ट, रसवंतीचे रोलर आणि मधेच माझे बारीक आट्यांचे स्क्रू. मी गेले की ते स्टूल पुसून द्यायचे आणि चहा सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, "बेटी, ह्या डब्यात भरतेस काय?"

"काही नाही, चाचा. आतली पोकळीच लागते."

"रिकाम्या डब्याला एवढं माप कावून?" ते हसत सुटले.

मग मी त्यांना हंड्याचं सांगितलं. हंडा भरत आला की आवाज बदलतो ना, तसंच इथं. स्क्रू आतबाहेर केला की पोकळी बदलते आणि डबा दुसरी लाट निवडतो, बाकीच्यांना वाट नाही. चाचांनी मान डोलावली. माझ्या सख्ख्या भावानं एवढं कधी विचारलंही नव्हतं.

नवा नमुना अवघड होता. स्क्रू फिरवून लाट बदलायची, शिवाय बटण दाबलं की वाट पूर्ण बंद. अॅल्युमिनियमचा ठोकळा पुण्याच्या मशीनवर कापून आला, आत दोन खोल्या शेजारीशेजारी, मधल्या भिंतीत छोटी खिडकी. चाचांनी फक्त स्क्रूसाठी आटे पाडायचे होते. नमुना चालला नाही तर पुण्यात परत येऊन बसा, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. पुण्यात माझं कोणी नव्हतं. इथं निदान एक स्टूल होतं.

ठोकळा घरी आणून यंत्राला जोडला. लाट पार झाली की पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो, पण रेघ आडवी ती आडवीच. स्क्रू फिरवले, वायरी बदलल्या, काही नाही. झाकण उघडलं तर दोन खोल्यांमधल्या भिंतीतली खिडकी गायब! लाट पलीकडं जाते ती तिथूनच. चाचांनी तिच्यात बूच ठोकून, घासून ते इतकं एकजीव केलं होतं की नख अडकेना.

माझं डोकं फिरलं. ठोकळा घेऊन तशीच दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "चाचा, तुम्हाला डोकं लावायला कुणी सांगितलं होतं?"

ते त्या बुचाकडं बघत राहिले. "मला वाटलं, मशीननं भिंत फोडली. पंपाला भोक पडलं की आमी बुजवतोच. तुला बोलणी बसू नयेत म्हणून..."

त्यांनी ठोकळा माझ्या हातातून घेतला. खिडकी मोकळी केली, कडा घासल्या आणि ठोकळा फडक्यात गुंडाळून दिला. मी माफी न मागताच निघाले. घाई होती, असं मी स्वतःला सांगते.

संध्याकाळी रेघेला उंचवटा आला. स्क्रू फिरवला, तो सरकला. बटण दाबलं, नाहीसा झाला. "आला, आला!" म्हणत मी मागं वळले. मागं आईची खाट होती.

नमुना पास झाला. आठवड्यानं पेढे घेऊन दुकानात गेले. "चाचा, त्या दिवशी माझं चुकलंच," मी म्हणाले. "असू द्या," म्हणत त्यांनी पेढा खाल्ला. स्टूल कोपऱ्यातच होतं. मधल्या दिवसांत मी कागदावर मापं लिहून पाठवलेल्या नव्या स्क्रूंची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. त्यात एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब होता. कागदावर माप मीच चुकीचं टाकलं होतं. पूर्वी अशी चूक दिसली की त्यांचा लगेच फोन यायचा.

"चाचा, हा एवढा लांब कसा?"

"कागदावर व्हतं तसंच केलंय, मॅडम," ते म्हणाले. "डोकं लावलं न्हाई."